तुम्हाला यात काय दिसतं?

संग्रहालय बघायचं तर शाळेच्या सहलीबरोबर बघावं, असं माझं ठाम मत झालं आहे. साठ पोरं, दोन मास्तर आणि पुढे कुठेतरी बोलत असलेला गाईड. मागे उभं राहून खिशातले शेंगदाणे संपवता येतात. गाईडने प्रश्न टाकलाच तर पुढची एखादी चुणचुणीत मुलगी उत्तर देते आणि आपण मान डोलावतो. खासगी गाईड घेतला की ही सोय जाते. पुढची रांगही आपण आणि मागचीही आपणच. त्याने प्रश्न विचारून तोंडाकडे बघितलं की आड व्हायला खांबसुद्धा सापडत नाही. समकालीन कलेच्या इमारतीतले खांब मुद्दाम काढून टाकत असावेत, असा मला संशय आहे.

ही वेळ आमच्यावर आणली ती हिच्या भाचीने. ती मुंबईत जाहिरातीच्या धंद्यात आहे आणि त्या धंद्यातल्या माणसांना हल्ली वस्तू भेट देणं कमीपणाचं वाटतं. "मावशी, लग्नाच्या वाढदिवसाला यंदा तुम्हाला अनुभव देणार आहे," असं तिने फोनवर सांगितलं.

"अनुभव पुष्कळ झाला गं, मिक्सर दे," ही म्हणाली.

पण तोवर पैसे भरून झाले होते. मुंबईतलं समकालीन कलेचं एक संग्रहालय, त्यात आमच्या एकट्यांच्या दिमतीला एक गाईड, दोन तास, शेवटी चहा. आणि खाली बारीक अक्षरांत: चौघांपर्यंत एकच दर.

हे वाचल्यावर दोघांनीच जाणं बोर्डीच्या माणसाला शक्य नाही. आमच्याकडून घोलवड स्टेशनला जाणारी रिक्षासुद्धा भरल्याशिवाय हलत नाही. रिकाम्या जागेचे पैसे भरणं काय दुःखाचं असतं, हे आम्ही लहानपणापासून बघत आलो आहोत. म्हणून हिने डहाणूहून थोरल्या भावाला बोलावलं. दादा सरकारी बांधकाम खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झाले. ऐन तारुण्यात ते फोर्टात नोकरीला होते, त्यामुळे काळा घोडा आपल्याच परसात असल्याच्या थाटात ते बोलतात. त्यांचं कलेशी नातं जहांगीर आर्ट गॅलरीतल्या समोवारपुरतं. समोवार म्हणजे गॅलरीतलं ते कॅफे. १९६४ साली सुरू झालं आणि २०१५ साली बंद पडलं. "तिथला पराठा म्हणजे काय!" एवढं म्हणून दादा डोळे मिटतात. जहांगीरमध्ये भिंतीवर काय असायचं, ते त्यांनी कधी सांगितलेलं नाही.

चौथे आमचे शेजारी, इराणी शेठ. चिकूची मोठी वाडी, वय पंचाहत्तर. त्यांना कलेशी काही कर्तव्य नव्हतं. त्याच सकाळी मुंबईत डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं होतं आणि सोबत हवी होती.

चर्चगेटची लोकल डहाणूपर्यंत यायला लागली ती २०१३ साली. तेव्हापासून आम्हाला मुंबई जवळ आली आहे. डहाणूला बसायला जागा मिळते, विरारनंतर त्या जागेवर आपला हक्क राहत नाही. हिने पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि गाईडसाठी म्हणून चिकूंची पिशवी घेतली होती. मुंबईला उतरल्यावर आधी शेठना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने त्यांच्या दोन्ही डोळ्यांत थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या, संध्याकाळपर्यंत धूसर दिसेल असं सांगितलं आणि सोडून दिलं. आम्ही शेठना दंडाला धरून संग्रहालयाच्या पायऱ्या चढवल्या. आमच्या चौघांत कलेची सगळ्यात उत्तम तयारी करून आलेला माणूस हाच, हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं.

गाईड तिशीचा होता. काळा सदरा, काळी पँट, कानात बाळी, आणि बोलणं इतकं हळू की ऐकायला वाकावं लागे. वाकलं की माणूस आपोआप नम्र दिसतो, हा त्यातला फायदा.

"मी तुम्हाला काही शिकवणार नाही," तो म्हणाला. "आपण फक्त एकत्र बघायचं."

"मग पैसे कसले?" दादांनी मला कानात विचारलं. पण संग्रहालयात कानात बोललेलं चार दालनं पलीकडे ऐकू जातं.

पहिलं चित्र भिंतीएवढं होतं. सगळं पांढरं, आणि खाली उजवीकडे एक बारीक करडी रेघ. गाईड बाजूला सरला, हात मागे बांधले आणि त्याने तो प्रश्न विचारला, जो पुढचे दोन तास आमची पाठ सोडणार नव्हता.

"तुम्हाला यात काय दिसतं?"

मी मदतीसाठी शेजारच्या पाटीकडे बघितलं. पाटीवर चित्राला नाव नव्हतं. कॅनव्हास, साल आणि लांबी-रुंदी होती. त्यातल्या त्यात खात्रीची गोष्ट लांबी-रुंदी. मी म्हणालो, "मोठं आहे."

"वा!" गाईड म्हणाला. "बघा, काकांनी आधी आकारमान अनुभवलं. बहुतेक लोक थेट अर्थाकडे धावतात."

परीक्षेत कधी नव्हे तो पहिला आल्याचा आनंद मी भिंतीला टेकून घेणार, एवढ्यात कोपऱ्यातला गार्ड "भिंतीला टेकू नका" म्हणाला. मग गाईड हिच्याकडे वळला. पहिल्याचं उत्तर काहीही चालतं. दुसऱ्याला मात्र त्यापेक्षा खोल जावं लागतं. ही क्षणभर थांबली आणि म्हणाली, "एकटेपणा."

गाईडने छातीवर हात ठेवला. मी दचकलो. आमच्या सगळ्या संसारात हा शब्द हिच्या तोंडून मी ऐकला नव्हता. पुढच्या चित्राकडे जाताना मी हळूच विचारलं, "कसला एकटेपणा गं?"

"मालिकेत बोलतात," ती म्हणाली.

दादांची पाळी आली, तेव्हा ते चित्राकडे बघतच नव्हते. "डावीकडे वर ओल आलीय," ते म्हणाले. गाईड चित्रात ओल शोधू लागला. "चित्रात नाही हो, भिंतीत. आतून पाइप गेला असणार." गार्ड खुर्चीवरून उठून आला. "जुलैपासून सांगतोय मी," तो म्हणाला. आणि त्या दालनात त्या दिवशी पहिल्यांदाच दोन माणसांना एकाच गोष्टीत मनापासून रस उत्पन्न झाला.

खरी बाजी मारली शेठनी. लाल-काळ्या रंगाच्या एका चित्रासमोर गाईडने त्यांना तो प्रश्न केला. शेठ डोळे बारीक करून म्हणाले, "मला तर दोन सूर्य दिसते, डिकरा. एकाच्या आतमधून दुसरा निघते. आणि बाजूला सगळा धूर." चित्रात एकच गोल होता. गाईड बराच वेळ गप्प राहिला. "मी सात वर्षं हे चित्र लोकांना दाखवतोय," तो म्हणाला, "दुसरा सूर्य मला आज दिसला." थेंबांचं सांगावं की नाही, या विचारात मी असतानाच हिने माझ्या हाताला चिमटा काढला. तिथून पुढे गाईड प्रत्येक चित्र आधी शेठना दाखवू लागला. आमची सुटका झाली.

वासुदेव गायतोंड्यांच्या चित्रापाशी तर कमाल झाली. गायतोंडे नागपूरला १९२४ साली जन्मले, जे. जे. मध्ये शिकले, आणि २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांच्या चित्रांचं स्वतंत्र प्रदर्शन भरवलं, अशी माहिती गाईडने दिली. त्याच्या आदल्या वर्षी मुंबईतल्या लिलावात त्यांचं एक चित्र २३ कोटींच्या वर गेलं होतं, हे ऐकून दादांनी चष्मा पुसला. समोर नुसता प्रकाश होता. धुक्यातून काहीतरी वर येतंय आणि पुन्हा बुडतंय. शेठनी ते बघितलं, मग आमच्याकडे बघितलं. "तुम्हाला पण असंच दिसते?" त्यांनी विचारलं. आम्ही हो म्हणालो. "मग बरोबर आहे," शेठ म्हणाले, "डॉक्टर बोलला होता, हळूहळू ठीक होईल."

पुढच्या दालनात काळोख होता. छतापासून मासेमारीची जुनी जाळी टांगलेली, खाली वाळू, आणि कुठल्यातरी लपवलेल्या स्पीकरमधून समुद्राची गाज.

"डोळे मिटा," गाईड कुजबुजला. "शहराचा गोंगाट विसरा. तुम्ही समुद्रकिनारी आहात."

आमच्या घरापासून समुद्र सुरूच्या बनापलीकडे आहे. तो अंधारात तसाच टाकून आम्ही पहाटे निघालो होतो. सव्वाशे किलोमीटर चेंगरून आलो, ते या काळोखात डोळे मिटून समुद्रकिनारी असल्याची कल्पना करायला. दादांनी आज्ञा तंतोतंत पाळली. ते उभ्या उभ्या झोपले. हिने मात्र डोळे उघडेच ठेवले होते.

"हे जाळं उलटं टांगलंय," ती म्हणाली. "बोये खाली आलेत आणि शिसं वर."

"ते हेतुपुरस्सर आहे," गाईड म्हणाला.

"आणि लाटा थांबत का नाहीत? आमच्याकडे ओहोटीला पाणी एवढं आत जातं की दिसेनासं होतं. यांच्या समुद्राला ओहोटीच नाही?"

गाईडने खिशातून छोटी वही काढली. "काकू, हे पुन्हा एकदा सांगाल?" तिने सांगितलं. त्याने मोबाईलच्या उजेडात लिहून घेतलं. इथे नक्की कोण कुणाचा गाईड आहे आणि पैसे कुणी कुणाला द्यायचे, हा विचार माझ्या मनात आला. पण भाचीने परत मागायची सोय नसलेली तिकिटं घेतली होती.

"हेतुपुरस्सर" हे आम्हाला त्या इमारतीत उपलब्ध असलेलं सगळ्यात भरवशाचं उत्तर होतं. खुर्चीला तीन पाय का? हेतुपुरस्सर. चित्र जमिनीवर का ठेवलंय? हेतुपुरस्सर. एका खोलीत मोठा काळा पडदा होता. त्यासमोर बाकावर बसून आम्ही बराच वेळ काळं बघितलं. गाईड अनुपस्थितीबद्दल बोलत होता, आणि खरं सांगायचं तर तो फार छान बोलत होता. हिला गहिवरून आलं होतं. एवढ्यात गार्ड आत डोकावला, "अरे, सुरू करायचं राहिलं," म्हणाला आणि त्याने बटण दाबलं. पडद्यावर एक बाई जिना झाडायला लागली. गाईड जराही डगमगला नाही. "आता या दोन अवस्थांमधला फरक बघा," तो म्हणाला.

एव्हाना माझे गुडघे बोलायला लागले होते, म्हणून आम्ही एका बाकावर बसलो. बाक बसायचाच आहे, याची आधी गार्डकडून खात्री करून घेतली. गाईडने तेवढ्या वेळात आम्हाला जगाची सफर घडवली. १९१७ साली न्यूयॉर्कमध्ये मार्सेल द्यूशाँ नावाच्या फ्रेंच कलावंताने पुरुषांच्या मुतारीतलं चिनी मातीचं भांडं आडवं ठेवलं, त्यावर भलत्याच नावाने सही केली, 'कारंजं' असं नाव देऊन प्रदर्शनाला पाठवलं. आयोजकांनी ते मांडलं नाही आणि त्यामुळेच ते अजरामर झालं.

दादा मधुमेही आहेत. सकाळपासून ते कुणाला काही बोलले नव्हते.

"ते आहे कुठे?" त्यांनी कळवळून विचारलं.

"मूळ हरवलं," गाईड म्हणाला. "पण १९६४ साली द्यूशाँच्या संमतीने प्रती केल्या. मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत."

"इथे नाही?"

"दुर्दैवाने इथे नाही."

दादांच्या चेहऱ्यावरची तळमळ बघून गाईडचे डोळे पाणावले. द्यूशाँसाठी एवढा व्याकूळ झालेला माणूस त्याने पाहिला नसावा. शेवटी गार्डला परिस्थिती कळली. तो दादांना हाताला धरून जिन्याखाली घेऊन गेला.

मग केळं. ते तुम्हीही वाचलं असेल. मौरिझिओ कातेलान या इटालियन कलावंताने २०१९ साली मायामीत एक केळं चिकटपट्टीने भिंतीला लावलं. त्याची एक आवृत्ती २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात बासष्ट लाख डॉलरला गेली आणि घेणाऱ्याने ते केळं पत्रकारांसमोर खाऊन टाकलं.

"म्हणजे बासष्ट लाख पोटात गेले?" हिने विचारलं.

"नाही काकू, केळं तर सडतंच, ते बदलायचं असतं. विकलं जातं ते सर्टिफिकेट."

शेठ ताडकन उठले. "सर्टिफिकेट तर आपल्या चिकूला पण आहे!" खरं आहे. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तरी व्यापारी वाडीत येऊन भाव पाडूनच मागतो, आणि त्याने तो चिकू पत्रकारांसमोर खाल्ल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही.

"पण चिकू भिंतीला चिकटेल का?" मी विचारलं.

शेठनी हा प्रश्न बागायतदाराच्या गांभीर्याने घेतला. "कच्चा असेल तर चीक येते, तो बसेल. पण पिकला की पडणार."

"हेतुपुरस्सर," ही म्हणाली.

तिची नजर मघापासून कोपऱ्यात पडलेल्या कागदाच्या बोळ्यांवर होती. गाईडने ते हेरलं आणि घाईघाईने इटलीतल्या बोल्झानो गावची गोष्ट सांगितली. तिथल्या संग्रहालयात २०१५ साली शॅम्पेनच्या रिकाम्या बाटल्या आणि रंगीबेरंगी कागदांची एक अख्खी कलाकृती सफाई करणाऱ्यांनी आदल्या रात्रीच्या मेजवानीचा कचरा समजून गोळा केली. "काच आणि कागद वेगवेगळे भरले ना पण?" हिने विचारलं. कलावंत सुबोध गुप्तांनी २००६ साली स्टीलच्या भांड्यांची भलीमोठी कवटी केली, ती व्हेनिसमध्ये कालव्याकाठी मांडली होती, हा फोटो त्याने टॅबवर दाखवला. तेव्हाही तिला फक्त कालव्यात रस होता. एवढी भांडी घासायची तर पाणी जवळ हवं, आणि ते आहे हे बघून तिला बरं वाटलं.

दादा परत आले, तेव्हा ते आणि गार्ड एकमेकांचे जिवलग झाले होते. गार्ड सावंतवाडीचा. त्या खुर्चीवर बसून त्याची बरीच वर्षं गेली होती आणि सगळ्या संग्रहाबद्दल त्याची मतं तयार होती. "दोन नंबरमध्ये लोक थांबत नाहीत," तो म्हणाला. "पाच नंबरला बायका रडतात. मला विचाराल तर चार नंबर सगळ्यात चांगला. एसी थेट अंगावर येतो." त्या दिवशी ऐकलेल्या समीक्षेत ही एकच अशी होती, जिच्याशी आम्ही चौघेही सहमत होतो. आम्ही चार नंबरमध्ये पुष्कळ वेळ काढला. तिथे काय होतं, ते मात्र आठवत नाही.

शेवटच्या दालनाच्या दाराशी गाईड थांबला. आवाज आणखी खाली गेला. आम्ही आणखी वाकलो.

"आता आपण शहरापासून फार फार दूर जाणार आहोत," तो म्हणाला. "डोंगर, जंगल, आदिम जगणं. तुमच्या-माझ्या ओळखीचं सगळं विसरा."

आत गेरूच्या रंगावर पांढरी वारली चित्रं होती.

"हे कुठलं?" दादांनी विचारलं.

"गंजाड नावाचं एक दुर्गम गाव आहे."

"डहाणूचं गंजाड?" दादा म्हणाले. "अहो, तिथून आमच्या गोठ्याला गवताचे भारे यायचे."

गाईडने टॅब चाळला. भाचीचा पत्ता अंधेरीचा होता. "तुम्ही नक्की कुठले?"

"बोर्डीचे."

खासगी गाईडच्या आयुष्यात असे प्रसंग येतात की नाही, मला माहीत नाही. पण पोराने तोल सांभाळला आणि सांगायचं ते सांगितलंच. चौक लिहिणं हे वारल्यांत मुळात बायकांचं काम. लग्नघरी भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक काढतात, त्याच्या मधोमध पालघट देवी. सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार सरकारी हस्तकलेच्या कामासाठी आमच्या भागात आले, त्यांनी पाड्यांवर कागद आणि रंग वाटले. त्यात जिव्या सोमा म्हसे हा गडी बायकांचं काम करत पुढे आला, तो थेट जगापुढे. १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार. १९८९ साली पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातल्या जगभरच्या कलावंतांच्या प्रदर्शनात चित्रं. २००३ साली जर्मनीत ड्यूसेलडॉर्फला रिचर्ड लाँग या इंग्रज कलावंताच्या जोडीने प्रदर्शन. २०११ साली पद्मश्री. २०१८ साली ते गेले. पॅरिसला १९८९ साली समजलेली गोष्ट आम्हाला २०११ साली पेपरातून समजली. टपाल आमच्याकडे उशिरा येतं हे खरं असलं तरी इतकंही उशिरा येत नाही.

"आणि त्यांचं मुंबईतलं पहिलं प्रदर्शन," गाईड म्हणाला, "१९७५ साली. केमोल्ड गॅलरीत."

"ही कुठेशी आली?" दादांनी विचारलं.

"तेव्हा जहांगीरमध्येच होती. वरच्या मजल्यावर."

दादा गप्प झाले. १९७५ साली ते फोर्टात होते. पगार झाला की समोवारमध्ये पराठा ठरलेला. गंजाडच्या माणसाची चित्रं डहाणूच्या माणसाच्या डोक्यावर, एका जिन्याच्या अंतरावर टांगलेली होती आणि डहाणूचा माणूस खाली चटणी मागत होता.

"जिना चढावा लागायचा," दादा शेवटी म्हणाले.

मी हसणार होतो. पण तेवढ्यात हिने पर्समधून मोबाईल काढून गाईडला एक फोटो दाखवायला घेतला. शेठच्या वाडीत काम करणाऱ्या बाईच्या मुलीच्या लग्नाला आम्ही सगळे पाड्यावर गेलो होतो, तेव्हाचा. मागच्या भिंतीवर सबंध लग्नचौक लिहिलेला होता. गाईड हरखला. त्याने फोटो मोठा केला, डावीकडे सरकवला, उजवीकडे सरकवला.

"चौक दिसत नाहीये, काकू."

दिसणार कसा? त्याच्यासमोर आम्ही चौघे ओळीने उभे आहोत. दादा मध्यभागी. पालघट असते साधारण तिथे.

अर्थात वारली चित्रं आम्हाला अपरिचित नाहीत, हे मी गाईडला ठणकावून सांगितलं. बोर्डीतल्या प्रत्येक रिसॉर्टच्या कुंपणावर ती आहेत. आमच्या घराच्या ओसरीवरही आहेत. एका रंगाऱ्याने साचा ठेवून अर्ध्या दिवसात मारून दिली, ऑइल पेंटमध्ये, पाच वर्षांच्या हमीवर. तारपा नाचाचा फेर धरला आहे, फक्त मध्ये तारपा वाजवणारा नाही. त्या जागी विजेचा मीटर आला. मंडळी मीटरभोवती नाचतात. हल्लीची बिलं बघता तेही चुकीचं म्हणता येत नाही.

"हेतुपुरस्सर?" गाईडने विचारलं. आता तोही शिकला होता.

चहा ठरल्याप्रमाणे मिळाला. कपाला कान नव्हता आणि या वेळी कुणी कारण विचारलं नाही. हिने सामानघरातून चिकूंची पिशवी सोडवून गाईडच्या हातात दिली. तोवर शेठच्या डोळ्यांतला थेंबांचा अंमल उतरला होता. बाहेर पडता पडता त्यांनी दोन सूर्यांच्या चित्राकडे पुन्हा एकदा बघितलं, चष्मा लावून बघितलं, काढून बघितलं. "साला, सकाळी जास्त चांगला होता," ते म्हणाले.

मध्यंतरी भाचीची एक मैत्रीण त्याच गाईडबरोबर ते संग्रहालय बघून आली. काळोखाच्या दालनात तो आता म्हणे विचारतो, "या समुद्राला ओहोटी का नाही, याचा विचार केलाय तुम्ही?" आणि लोक सुन्न होतात. हिला ते कळल्यापासून ती मिक्सरचा विषय नव्याने काढते आहे.

थंडीत, चिकू महोत्सवाच्या सुमाराला, तो स्वतःच तीन मित्रांना घेऊन बोर्डीला आला. आम्ही त्याला किनाऱ्यावर नेलं. भर ओहोटी होती. पुढे नुसता ओला, करडा, लांबच लांब चिखल-वाळूचा पट्टा आणि त्याच्या टोकाला एक रेघ.

"काका, समुद्र कुठे आहे?" त्याने विचारलं.

दादांनी हात मागे बांधले. "मी तुम्हाला काही शिकवणार नाही," ते म्हणाले. "आपण फक्त एकत्र बघायचं."

तर मंडळी, तुम्हीही खासगी गाईड घेऊन असं संग्रहालय बघणार असाल तर अवश्य बघा. पोटभर जेवून जा, मधुमेह असेल तर जिन्याखालची जागा आधी विचारून ठेवा, आणि बसण्याआधी बाकाबद्दल गार्डला विचारा. चौघं असाल तर पहिलं उत्तर स्वतः देऊन टाका, कारण पहिलं उत्तर कधीच चुकत नाही. "मोठं आहे" हे माझं वापरून झालं आहे, ते सांगू नका. "ओल आलीय" हे दादांचं आहे. "एकटेपणा" मात्र कुणीही घ्यावा. तो कुठल्याही चित्राला चालतो.